मंडळीची पट्टी

मोहाची फुलं पहाटे गळतात. मार्च सरता सरता आणि पुढे एप्रिलभर गडचिरोली, गोंदिया, मेळघाटाच्या पट्ट्यात घरची बायामाणसं आणि पोरं तांबडं फुटायच्या आधीच टोपल्या घेऊन झाडाखाली पोचतात, कारण उशीर झाला की फुलं गुरं खातात, रानडुकरं खातात. ईस्टरही नेमका २२ मार्च ते २५ एप्रिल यांच्या मधल्याच एखाद्या रविवारी येतो. म्हणजे सूर्योदयाची पुनरुत्थान-उपासना आणि मोहाचा वेचा एकाच घटकेला. उपासनेची आखणी करणाऱ्यानं हे ध्यानात घेतलं नाही, तर मैदानात पाळकसाहेब, चर्चचा कारभार पाहणारे दोन वडीलधारे आणि पेटीवाले भाऊ एवढेच उभे दिसतात. मंडळी, म्हणजे चर्चची माणसं, रानात असते. ध्यानात घेतलं, तर वेळ आठची ठेवता येते, नाहीतर रानाच्या कडेलाच टोपल्या बाजूला ठेवून वीस मिनिटांची उपासना घेता येते: एक वाचन, तीन गीतं, एक प्रार्थना. तिथे पेटी नेऊ नये. लाउडस्पीकर तर नेताच येणार नाही, कारण २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांप्रमाणे रात्री १० ते सकाळी ६ उघड्यावर तो लावायला बंदी आहे.

उपासना आणि तिची गाणी आखण्याच्या या कामाला गावात पदनाम नाही. मोठ्या शहरांतल्या चर्चमध्ये वर्शिप लीडर, कॉयर मास्टर असे शब्द ऐकू येतात. इकडे ‘पेटीवाले भाऊ’ किंवा ‘गाणी घेणारी ताई’ म्हटलं की भागतं. काम मात्र तेच. रविवारची वाचनं पाहून गीतं निवडायची, त्यांचा क्रम लावायचा, पट्टी, म्हणजे गाणं किती उंच धरायचं ते, ठरवायची, सराव घ्यायचा, वाचकाला तयार करायचं, प्रभुभोजनाला (भाकर आणि द्राक्षारस घेण्याच्या विधीला) किती वेळ लागेल त्याचा हिशेब मांडायचा, आणि शेवटी लोकांच्या तोंडून गाणं बाहेर काढायचं. हे शेवटचं सगळ्यांत अवघड. स्वतः चांगलं गाणं हे एक कसब, आणि दीडशे माणसांना गायला लावणं हे दुसरं. पहिलं असलेली माणसं गावोगाव भेटतात. दुसरं शिकावं लागतं.

एक गोष्ट मात्र विदर्भातल्या खेड्यात आयती मिळते, ती म्हणजे लोकांचा कान. तुकडोजी महाराजांच्या खंजिरी भजनाच्या या मुलखात एकानं ओळ सांगायची आणि बाकीच्यांनी ती उचलायची ही रीत कोणाला शिकवावी लागत नाही. गावातलं भजनी मंडळ शेजारच्या आळीत रात्री बसलेलं असतं, त्याचा ठेका ख्रिस्ती घरातल्या पोरांच्याही बोटांत असतो. ख्रिस्ती कवी नारायण वामन टिळकांची (१८६१–१९१९) गीतं अजून टिकून आहेत, त्याचं एक कारण हेच, की ती मराठी कानासाठी मराठी छंदात बांधलेली आहेत. दुसरीकडे, स्कॉटिश मिशनरी स्टीफन हिस्लॉप १८४५ मध्ये नागपुरात आले तेव्हा त्यांच्या स्कॉटिश मंडळ्यांत वाद्याविना स्तोत्रं गायची परंपरा होती. पेटी नाही म्हणून आमची उपासना उणी, असं ज्या छोट्या मंडळीला वाटतं तिनं हे लक्षात ठेवावं.

आखणी कशी करायची हे मंडळी कुठल्या पंथाची यावर अवलंबून असतं. कॅथलिक मिस्सेत, म्हणजे त्यांच्या मुख्य उपासनेत, साचा ठरलेला आहे आणि वाचनंही ठरलेली आहेत. शुभवर्तमानांच्या वाचनाचं तीन वर्षांचं चक्र असतं: अ वर्षात मत्तय, ब वर्षात मार्क, क वर्षात लूक. चर्चचं वर्ष आगमनकाळाच्या (नाताळाआधीच्या आठवड्यांच्या) पहिल्या रविवारी सुरू होतं. २९ नोव्हेंबर २०२६ पासून ब वर्ष लागेल. आगमनकाळात आणि प्रायश्चित्तकाळात (ईस्टरआधीच्या उपवासकाळात) गौरवगीत गायचं नाही, प्रायश्चित्तकाळात आलेलुयाचा स्तुतिघोषही नाही, आणि त्या काळात वाद्यं फक्त गळ्याला आधार देण्यापुरती. प्रायश्चित्तकाळाचा चौथा रविवार आणि मोठे सण तेवढे वाद्यांच्या या नियमाला अपवाद. नवीन पोरगा कीबोर्डवर प्रायश्चित्तकाळाच्या पहिल्याच रविवारी लांबलचक वादन सुरू करतो, तेव्हा दोष त्याचा नसतो, त्याला आधी कोणी सांगितलेलं नसतं. चर्च ऑफ नॉर्थ इंडियात, म्हणजे प्रोटेस्टंट पंथांच्या १९७० च्या एकीकरणानंतरच्या मंडळ्यांत, छापील उपासनाक्रम आहे, पण गीतांच्या जागा बऱ्याच मोकळ्या आहेत. अकोला, अमरावती, बुलढाणा भागातल्या अलायन्स या प्रोटेस्टंट पंथाच्या मंडळ्यांत साचा आणखी सैल. साचा जितका सैल, तितकी आखणी करणाऱ्याची जबाबदारी जास्त. छापील क्रमात पापकबुली आपोआप येते. सैल क्रमात कोणी मुद्दाम ठेवली नाही तर महिनोन्‌महिने येतच नाही, आणि कुणाला ते जाणवतही नाही.

आठवड्याचं काम सोमवारीच सुरू झालेलं बरं. पाळकसाहेबांकडून वाचनं आणि संदेशाचा विषय घ्यायचा. वाचनं मोठ्यानं वाचायची, आणि त्यात जी एक प्रतिमा ठसते (पाणी, वाट, बी, मेंढरू) ती कागदावर लिहायची. नव्वद मिनिटांच्या उपासनेत साधारण पाच गीतं बसतात. चार कडव्यांचं गीत मध्यम लयीत चार-साडेचार मिनिटं घेतं, म्हणजे गायनालाच बावीस मिनिटं. पहिलं गीत सगळ्यांच्या तोंडचं असावं, कारण तेव्हा निम्मे लोक चपला काढत असतात. संदेशानंतरचं गीत विषयाला धरून. अर्पणाचं गीत थैली फिरायला लागतो तेवढ्या लांबीचं. शेवटचं गीत चालत बाहेर पडता येईल असं. पाचातली तीन तरी पाठ असलेली हवीत.

प्रभुभोजनाचा हिशेब तर कागदावरच मांडावा. समजा ९६ माणसं भोजन घेणार आहेत आणि वेदीपुढच्या कठड्याशी एका वेळी आठ जण गुडघे टेकतात. बारा खेपा झाल्या. एका खेपेला दीड ते दोन मिनिटं, म्हणजे १८ ते २४ मिनिटं गायन हवं. इथे नेहमी होणारी चूक अशी, की आखणी करणारा सुंदर, अर्थपूर्ण, सहा कडव्यांची दोन गीतं निवडतो. पण पुढे येणाऱ्या माणसाच्या हातात पुस्तक नसतं, परतताना त्याचे डोळे मिटलेले असतात, आजीबाईचा चष्मा तर बाकावरच राहिलेला असतो. सहाव्या मिनिटाला गाणारे पाच जण उरतात. इथे छोट्या ध्रुवपदाची गीतं हवीत. कडवं कॉयरनं, म्हणजे गाणाऱ्या गटानं, म्हणायचं, ध्रुवपद येताजाता सगळ्यांनी. आणि मध्ये दोनेक मिनिटं काहीच वाजवू नये. शांतता हाही उपासनेचा भाग आहे. नवख्या वादकाला मात्र तिचं भय वाटतं, आणि तो ती भरून काढतो.

वाचकाला उतारा शनिवारी संध्याकाळपर्यंत मिळाला पाहिजे. नबुखद्नेस्सर, मलकीसदेक, थेस्सलनीकाकर ही नावं उभ्या उभ्या पहिल्यांदा वाचायची नसतात. घरी वऱ्हाडी किंवा झाडीबोली आणि पुस्तकात ग्रांथिक मराठी, एवढं अंतर ओलांडायला दोनदा मोठ्यानं वाचणं लागतंच.

आता पट्टीकडे. मंडळी गात नाही अशी तक्रार जिथे जिथे ऐकू येते, तिथे दहातल्या सात वेळा पट्टी चुकलेली असते असं माझं मत आहे. पुढे उभा असलेला गाणारा स्वतःच्या गळ्याला सोयीची पट्टी धरतो. तो काळी दोनमध्ये (पेटीच्या सप्तकातली दुसरी काळी पट्टी सा धरून) तार गंधाराला, म्हणजे वरच्या सप्तकातल्या ग ला, सहज भिडतो, आणि बाकांवरचे लोक अंतरा आला की तोंड मिटतात. त्यांना वाटतं, आपल्याला गाता येत नाही. खरं तर ते गाणं त्यांच्यासाठी धरलेलंच नसतं.

न शिकलेल्या गळ्यांचा, बायका आणि पुरुष एका सप्तकाच्या फरकानं गात असताना, सोयीचा पल्ला साधारणपणे खालच्या पांढरी सहापासून वरच्या पांढरी दोनपर्यंत असतो. यावरून रीत सोपी आहे. आधी गीतातला सगळ्यांत उंच स्वर शोधायचा. तो पांढरी दोनच्या वर जाणार नाही असा षड्ज, म्हणजे सा, धरायचा. मग खालचा स्वर कुठे पडतो ते पाहायचं. गीत मध्य सा ते तार सा एवढंच फिरत असेल तर पांढरी एक चांगली. मंद्र पंचमापासून (खालच्या सप्तकातल्या प पासून) मध्य धैवतापर्यंत (मधल्या ध पर्यंत) जाणारं असेल तर षड्ज पांढरी चारवर ठेवा, म्हणजे खालचा पंचम पांढरी एकवर आणि वरचा धैवत पांढरी दोनवर येतो. अंतरा तार गंधाराला जात असेल तर काळी पाच धरा, वरचा गंधार बरोबर पांढरी दोनवर बसतो. मात्र तेच गीत खाली मंद्र पंचमालाही उतरत असेल, तर ते सगळ्यांनी गायचं गीत नव्हे. त्याचा अंतरा कॉयरला द्यावा आणि ध्रुवपद मंडळीला. सकाळी आठला गळे उघडलेले नसतात, तेव्हा पहिलं गीत आणखी अर्धा-एक स्वर खाली घेतलेलं चांगलं. ठरलेली पट्टी गीताच्या क्रमांकापुढे वहीत पेन्सिलीनं लिहून ठेवावी. पुढच्या वर्षी वादक बदललेला असेल, वही तीच राहील.

तबल्याची गोष्ट याच्याशी जोडलेली आहे. तबला सारखा उतरवता-चढवता येत नाही, आणि बहुतेक मंडळ्यांत एकच जोडी असते. म्हणून पट्ट्या अशा निवडाव्यात की एका दायांवर, म्हणजे उजव्या हाताच्या तबल्यावर, भागेल. दायां पांढरी चारला लावला, तर पांढरी चारच्या गीताला तो षड्ज देतो, काळी पाचच्या गीताला पंचम आणि पांढरी एकच्या गीताला मध्यम. षड्ज-पंचम उत्तम, मध्यमही चालतो. वर सांगितलेल्या तिन्ही पट्ट्या एकाच तबल्यात येतात, सबंध उपासनेत हातोडी काढावी लागत नाही.

लय ओढली जाणं हे दुसरं मोठं दुखणं. पहिलं कडवं बरोबर लयीत सुरू होतं आणि चौथ्यापर्यंत बैलगाडी चिखलात रुतल्यासारखं होतं. यामागे साधं कारण आहे. आवाज सेकंदाला सुमारे ३४० मीटर जातो. वीस मीटर लांबीच्या चर्चमध्ये मागच्या बाकापर्यंत सूर पोचायला सेकंदाचा सोळावा-सतरावा भाग लागतो, आणि मागच्यांचं गाणं परत पुढे यायला तेवढाच. पुढचा वादक मागच्यांसाठी थांबला की मागचे आणखी मागे पडतात. कॉयरचे चार पक्के गळे पुढे एकत्र उभे न करता दोघांना मधल्या बाकांवर बसवलं तर अर्धं दुखणं जातं. उरलेलं अर्धं दोन कडव्यांमधल्या श्वासात असतं. प्रत्येक वेळी ती जागा मोजून तेवढ्याच मात्रांची ठेवावी. कधी दोन, कधी पाच अशी झाली की लोक पुढचं कडवं धरायला कचरतात, आणि कचरले की लय सांडते.

गीताची सुरुवातही अशीच नेमकी हवी. क्रमांक दोनदा सांगायचा, फळ्यावरही लिहिलेला असावा. मग पंधरा-वीस सेकंद थांबायचं, म्हाताऱ्या हातांना पान सापडू द्यायचं. पेटीवर पहिली ओळ वाजवायची ती ज्या लयीत गायची त्याच लयीत. पुष्कळ वादक मुखडा डौलानं, सावकाश वाजवतात आणि गीत झपाट्यानं सुरू करतात. लोकांनी श्वास एका लयीसाठी घेतलेला असतो, गाणं दुसऱ्याच लयीत अंगावर येतं.

इंग्रजी चालींवर बांधलेल्या जुन्या भाषांतरित गीतांची अडचण वेगळी. तिकडे ओळी अक्षरांवर मोजतात, ८-६-८-६ किंवा ८-८-८-८ अशा. छंद जुळला की एका गीताची चाल दुसऱ्याला लावता येते, आणि ही सोय फार उपयोगाची आहे: अनोळखी चालीचं चांगलं गीत ओळखीच्या चालीवर मंडळीला लगेच देता येतं. पण मराठी ऱ्हस्व-दीर्घावर चालते. चालीतला लांब स्वर ऱ्हस्व अक्षरावर पडला की ‘प्रभु’चा ‘प्रभूऽऽ’ होतो, किंवा श्वास ‘देवा’ आणि ‘ने’ यांच्या मध्येच येतो. म्हणून चाल बदलताना चारही कडवी गाऊन पाहावीत. पहिलं कडवं नेहमी जुळतं, तिसरं दगा देतं. आणखी एक. बोलताना आपण ‘मनात’ मधला शेवटचा अ गिळतो, गाताना तो म्हणावा लागतो. भजनात वाढलेल्या आजीला हे सांगावं लागत नाही. मोबाइलवर हिंदी गीतं ऐकून आलेली पोरं तो अ गिळतात, आणि ओळीत एक मात्रा कमी पडते.

हिंदी वर्शिप गीतांबद्दल मंडळीत वाद होतातच. “हे गाणं आमाले येत नाई, बाबू,” असं आजी म्हणते तेव्हा तिचा विरोध नव्या गाण्याला असतोच असं नाही. ते तिला शिकवलेलं नसतं, एवढंच तिचं म्हणणं. नवं गीत महिन्याला एकापेक्षा जास्त नको. पहिल्या रविवारी कॉयरनं ते विशेष गीत म्हणून गावं. दुसऱ्या रविवारी मंडळीला फक्त ध्रुवपद द्यावं. तिसऱ्या रविवारी सगळं, आणि पुढच्या दोन महिन्यांत आणखी दोनदा. मगच ते मंडळीचं झालं म्हणायचं. तयार ट्रॅक लावून गाणं मला चुकीचं वाटतं. ट्रॅकची पट्टी मूळ गायकाच्या गळ्याची असते, तो आजीसाठी थांबत नाही, आणि वीज गेली की उपासना मध्येच उघडी पडते. त्यातही, चर्चमध्ये खऱ्याखुऱ्या धार्मिक विधीत गीत गायला कॉपीराइट कायद्याची सवलत आहे, पण तोच ट्रॅक लावून केलेलं चित्रण इंटरनेटवर टाकणं किंवा आजच्या गीतकारांच्या गीतांची पुस्तिका छापणं ही वेगळी बाब. तिथे परवानगी घ्यावी. रचनाकाराच्या मृत्यूनंतर साठ वर्षं हक्क राहतात, त्यामुळे टिळकांची गीतं कोणालाही छापता येतात.

झावळ्यांच्या रविवारी, म्हणजे ईस्टरच्या आधीच्या रविवारी, मिरवणूक निघते, हातात बहुधा शिंदीच्या झावळ्या. साठ-सत्तर माणसांची रांग गल्लीच्या वळणावर लांबली की पुढचे दुसऱ्या कडव्यात आणि मागचे पहिल्याच्या शेवटी. इथे दिंडीची रीत उपयोगी पडते. गाणं घेणारा पुढे न चालता मधोमध चालतो, झांज किंवा खंजिरी त्याच्याजवळ असते, आणि गीत असं निवडतात की एकानं ओळ म्हटली आणि बाकीच्यांनी तीच परत म्हटली. डिसेंबरच्या कॅरल राउंडला, म्हणजे नाताळची गाणी म्हणत घरोघर फिरताना, तबला नेऊ नये. थंडीतल्या दवानं त्याची चामड्याची पुडी उतरते. नटबोल्टची ढोलकी न्यावी, सोबत पाना.

हवामानानं वाद्यांचे हाल होतात. चंद्रपूर, नागपूर, अकोल्याकडे मे महिन्यात पारा ४५ च्या पुढे जातो. पत्र्याच्या छताखाली कपाटात ठेवलेल्या तबल्याची पुडी तडकते, पेटीचं लाकूड आखडून भात्याच्या सांध्यातून हवा गळू लागते. तपासायची रीत अशी: सगळे स्टॉप बंद करून भाता मारून हवा भरायची आणि हात काढायचा. आतला भाता भराभर बसला तर गळती आहे. पावसाळ्यात उलट होतं, लाकूड फुगतं आणि पट्ट्या अडकतात. तेल कधीही सोडू नये, त्यावर धूळ बसून दुखणं वाढतं. सूर बोलेनासा झाला तर बहुधा रीडच्या पितळी जिभेखाली कण अडकलेला असतो. पातळ कागदाची पट्टी हलकेच फिरवली की निघतो. जीभ वाकवली तर सूर कायमचा उतरतो. उंदीर भात्याचं चामडं कुरतडतात, म्हणून पेटी पत्र्याच्या ट्रंकेत, भिंतीपासून दूर, जमिनीपासून उंच. दुरुस्तीला न्यायची ती ऑक्टोबरात, पाऊस सरल्यावर आणि आगमनकाळाच्या आधी. डिसेंबरात कारागिराकडे रांग असते. आणि जुलैत पत्र्यावर पाऊस कोसळू लागला की काहीही ऐकू येत नाही. अशा वेळी संदेश थांबवून पाठ असलेलं गीत धरणं हाच शहाणपणा.

कापणीच्या सणाबद्दल जास्त सावकाश बोललं पाहिजे. सोयाबीन निघालेलं, कापसाची वेचणी चालू, लोक ज्वारीची कणसं, भोपळे, कोंबड्या, कापसाची गाठोडी वेदीपुढे आणतात, मग लिलाव होतो. गीतं आनंदाची ठरलेली. पण ज्या वर्षी बोंडअळीनं कापूस खाल्ला किंवा कापणीच्या तोंडावर आलेल्या पावसात सोयाबीनला शेंगेतच कोंब फुटले, त्या वर्षी तीच पाच गीतं लावणं म्हणजे समोर बसलेल्यांकडे न पाहणं. कर्जाच्या ओझ्याखाली गेलेल्या माणसाची बायको त्या बाकांवर बसलेली असू शकते. या मुलखात ही शक्यता कुठल्याच रविवारी विसरता येत नाही. स्तोत्रसंहितेच्या १५० स्तोत्रांत विलापाची स्तोत्रं खूप आहेत, आणि आपल्या गायनात ती फार थोडी उरली आहेत. तेरावं स्तोत्र ‘किती काळ’ असं पुन्हा पुन्हा विचारतं. अठ्ठ्याऐंशीवं तर अंधारातच संपतं, त्याला गोड शेवट नाही. हबक्कूकच्या तिसऱ्या अध्यायाच्या शेवटी अंजिराला मोहर नाही, शेतात अन्न नाही, गोठ्यात गुरं नाहीत, आणि तरी देवाच्या ठायी आनंद करण्याचा निश्चय आहे. अशा वर्षी क्रम असा लावावा: आधी तेरावं स्तोत्र, सावकाश, वाचक आणि मंडळी यांनी आळीपाळीनं वाचून. त्यानंतर शांतता. मग हबक्कूकचं वाचन. मग जे काही थोडं पिकलं ते घेऊन लोक पुढे येतील तेव्हा एकशे सव्विसाव्या स्तोत्रातला, रडत रडत पेरणाऱ्यांचा आशय असलेलं गीत. झांज नको, ऑक्टोपॅड नको, फक्त पेटी. उपकारस्तुती शेवटी येते, आणि तेव्हा लोकांना ती खोटी वाटत नाही.

अंत्यविधीला तयारीची सवडच नसते. बहुधा त्याच दिवशी दफन. म्हणून पाच गीतांची यादी, पट्टीसकट, एका कागदावर छापून कायम तयार ठेवावी. कबरस्तानात पेटी नसते. भरल्या गळ्यानं सुरू केलेलं गीत नेहमी उंच धरलं जातं आणि दुसऱ्या ओळीला तुटतं. मोबाइलवरच्या तानपुऱ्यातून षड्ज कानाशी ऐकून मगच सुरुवात करावी, आणि चालत जाताना लय खांदेकऱ्यांच्या पावलांची धरावी.

या कामावर पोट भरतं का? ग्रामीण विदर्भात पूर्ण वेळची पगारी जागा जवळपास नसते, हे पोरांना आधीच सांगितलं पाहिजे. जे हे काम आयुष्यभर करतात, त्यांचं मिळकतीचं पान जोडून जोडून भरलेलं असतं: मिशनच्या शाळेत संगीत शिक्षक, कॅथलिक पॅरिशमध्ये कॅटेकिस्ट (धर्मशिक्षक), लग्नाच्या उपासनेचं मानधन, घरी पेटी-कीबोर्डचे क्लास, आणि शेती. काही जण पुढे ईश्वरविज्ञानाला जातात आणि पाळक होतात. युनियन बिब्लिकल सेमिनरी १९५३ मध्ये यवतमाळलाच सुरू झाली होती, १९८३ मध्ये ती पुण्याला गेली, तेव्हापासून विदर्भातल्या पोरांना ते अंतर वाढलं. संगीताच्या बाजूनं अखिल भारतीय गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या परीक्षा प्रारंभिकपासून विशारदपर्यंत जिल्ह्याच्या गावी देता येतात, आणि विशारदचा कागद शाळेतल्या नोकरीला उपयोगी पडतो. गोंदियाकडच्यांना छत्तीसगडमधलं खैरागडचं संगीत विद्यापीठ, १९५६ पासूनचं, नागपूर-मुंबईपेक्षा जवळ. पाश्चात्त्य स्वरलिपी शिकायची तर ट्रिनिटी कॉलेज लंडनच्या ग्रेड परीक्षा आहेत, एक ते आठ. माझा सल्ला असा: आधी पेटीवर सरगम पक्की, मग स्वरलिपी. उलट क्रमानं गेलेली मुलं छापील कागद नसला की अडतात, आणि गावात कागद क्वचितच असतो.

मंडळीनंही हे काम मोजायला हवं. निवडीला एक तास, सरावाला दोन, शनिवारी मांडामांडीला एक, रविवारी अडीच. आठवड्याला साडेसहा तास झाले, नाताळ आणि पवित्र सप्ताहात त्याच्या तिप्पट. पास्टरेट कमिटीच्या किंवा पॅरिश कौन्सिलच्या अंदाजपत्रकात मानधन, वाद्यदुरुस्ती आणि प्रशिक्षणाचा प्रवासखर्च अशा तीन ओळी स्वतंत्र असाव्यात, रक्कम थोडी असली तरी. सेवा आहे म्हणून फुकट, असं म्हणणारी मंडळी मंडप आणि जेवणाचं बिल बिनतक्रार भरते.

आणि एकाच वादकावर मंडळी टांगून ठेवू नये. मुलगा बारावीनंतर पुण्याला जातो, मुलगी लग्न होऊन दुसऱ्या तालुक्यात जाते, आणि पेटीवर वर्षभर धूळ बसते. बारा-तेरा वर्षांची दोन पोरं कायम शिकत असली पाहिजेत. पहिल्यांदा त्यांना सरावात बसवायचं, पट्ट्यांची वही सांभाळायला द्यायची. मग महिन्यातून एक गीत. ते गीत उपासनेतलं पहिलं नको आणि शेवटचंही नको. अर्पणाच्या वेळचं द्यावं, सगळ्यांच्या तोंडपाठ ध्रुवपदाचं, पांढरी एकमधलं. पोरीचा हात तिसऱ्या ओळीला चुकतो, पेटी थांबते. मंडळी थांबत नाही. तिला कडव्याच्या शेवटपर्यंत नुसतं ऐकू द्यावं, कोणी वळून पाहू नये, आणि दोन मात्रांच्या त्या श्वासानंतर ती पुन्हा येऊन मिळते.